चांगुणाबाईंचा आवाज

"डॉक्टर, तो पंखा बंद करा," समोरची बाई म्हणाली आणि माझं पेन केसपेपरवर थांबलं. आवाज चांगुणाबाईंचा होता. चांगुणाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. मृत्यूचा दाखला मीच लिहून दिला होता.

समोर बसली होती त्यांची सून शेवंता. वय अडतीसच्या आसपास. शेजारी तिचा नवरा काशिनाथ, तळोज्याच्या एका कारखान्यात ऑपरेटर. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. माझा दवाखाना पनवेलला लाइन आळीत होता. निम्मे पेशंट शहरातले, निम्मे उरण रस्त्याला लागून असलेल्या खाडीकाठच्या गावांतले. मे महिना होता. बाहेर लोक मिळेल त्या कागदाने वारा घेत होते आणि ही बाई पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बसली होती.

चांगुणाबाईंचा आवाज विसरण्यासारखा नव्हता. जन्मभर चुलीचा धूर आणि मिश्री. शब्द ओल्या गोणपाटातून गाळल्यासारखे एकेक करून बाहेर यायचे, पण आले की घरातलं कोणी जागचं हलत नसे. त्यांच्या दम्यासाठी मी दोन वर्षं त्या घरी जात होतो. सुनेचा मूळचा आवाज कसा होता हे आठवायचा मी प्रयत्न केला. आठवेना. ती चहा आणायची, थुंकीचं तस्त उचलायची, दाराआड उभी राहायची. ती बोलल्याचं मी ऐकलंच नव्हतं.

काशिनाथने घाईघाईने सांगितलं की घसा दिवाळीपासून बसलाय, पाय सुजतात आणि कामात लक्ष नाही. मी घसा बघितला. लाल नाही, सूज नाही. चेहरा मात्र फुगलेला, कातडी कोरडी, भुवयांचे बाहेरचे केस झडलेले. मनात एक शंका आली. ती तपासायला रक्त मुंबईला पाठवावं लागत असे. परवा सकाळी या, असं मी सांगितलं.

ते आले नाहीत. नंतर कळलं की नातेवाइकांच्या सल्ल्याने त्यांनी मोठा डॉक्टर गाठला होता. हे गृहस्थ मुंबईहून दर शनिवारी पनवेलला येत. त्यांच्या पाटीवर इतक्या पदव्या होत्या की नाव शोधावं लागे. त्यांनी हकीकत ऐकली, पेशंटला हात न लावता हिस्टेरिया असं निदान केलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

पुढच्याच मंगळवारी भर दुपारी काशिनाथ दवाखान्यात आला. एकटाच. बायको सकाळपासून उठत नाही म्हणाला. मग खाली बघत, "लोकं म्हणतात समाधी लागली. पन मना भ्या वाटतंय, साहेब."

मी स्कूटर काढली. वाटेत मागे बसून त्याने उरलेलं सांगितलं. शेवंताचा आवाज बदलला तसा घरात आधी भीतीचा, मग भक्तीचा कारभार सुरू झाला होता. एका संध्याकाळी त्याने सहज विचारलं होतं की आईची चांदीची साखळी कुठे असेल. शेवंताने त्या आवाजात सांगितलं, तांदळाच्या कणगीमागे. साखळी तिथेच होती. त्यानंतर दर मंगळवारी माणसं यायला लागली.

घराबाहेर चपलांचा खच पडला होता. एका चुलत दिराने रांग लावायचं काम अंगावर घेतलं होतं. सरकारी कचेरीत चिकटल्यासारखा त्याचा थाट होता. मलाही त्याने रांगेत उभं करायचा प्रयत्न केला. आत चांगुणाबाईंची खाट, चांगुणाबाईंचा हार घातलेला फोटो, उदबत्त्यांचा धूर, आणि खाटेवर चांगुणाबाईंचीच शाल पांघरलेली शेवंता. डोळे मिटलेले. पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि कोणी खोकतही नव्हतं.

मी हात धरला. त्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, तो हात माठाच्या बुडासारखा गार होता. नाडी मिनिटाला अठ्ठेचाळीस. मी वाकून मोठ्याने नाव घेतलं. बराच वेळ काही नाही. मग डोळे अर्धवट उघडले, माझ्याकडे बघितलं असंही नाही, आणि त्या गोणपाटातून शब्द आले.

"बस रे, डाक्तर. आयशीचा गुडघा कसा हाय तुझे?"

दवाखान्यात शेवंता मला अहो-जाहो करत होती. अरे-तुरे फक्त चांगुणाबाई करत. माझ्या आईच्या गुडघ्याचं मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, त्यांचा दम कमी व्हायची वाट बघत बसलो असताना. मागे कोणीतरी कपाळ जमिनीला टेकवल्याचा आवाज आला. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे इथे नोंदवून ठेवतो. त्या केसांचं शिक्षण माझ्याइतकं झालेलं नव्हतं.

मी बॅगेतून छोटी रबरी हातोडी काढली. तिचा उपयोग साधा आहे. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर टिचकी मारली की पाऊल झटक्यात खाली जातं आणि तेवढ्याच झटक्यात मूळ जागी येतं. शेवंताचं पाऊल खाली गेलं, आणि परत यायचं विसरल्यासारखं तिथेच राहिलं. मग कुणीतरी दोरीने ओढून घ्यावं तसं हळूहळू, हळूहळू वर आलं. खोलीभर सगळे त्या पावलाकडे बघत होते. एका म्हातारीने त्याला नमस्कार केला.

मला मात्र तिथे जमीन सापडली. पाऊल असं रेंगाळत परत येतं तेव्हा पहिला संशय थायरॉईडचा घ्यायचा.

थायरॉईड म्हणजे गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. शरीराची शेगडी किती मोठी ठेवायची हे तिच्या हातात. तिचा रस कमी पडला की सगळंच मंदावतं. नाडी, आतडी, विचार, पावलं. उन्हाळ्यात थंडी वाजते, वजन वाढतं, केस गळतात, पोट साफ होत नाही, बायकांची पाळी बिघडते. अंगावर सूज येते, पण बोटाने दाबलं तर खड्डा पडत नाही. तीच सूज घशातल्या स्वरतंतूंवरही चढते आणि आवाज जाड, घोगरा, संथ होतो. बहुतेक वेळा कारण एवढंच की शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. बायकांमध्ये हा आजार इतका आढळतो की आपल्या ओळखीत एकही नसेल तर समजावं, कोणी तपासलेलं नाही. आणि अशा पेशंटला झोपेची गोळी दिली तर मंदावलेलं शरीर थांबण्याच्या बेतात येतं. लोक म्हणत होते ती समाधी ही.

गोळ्यांची पट्टी मी खिशात टाकली. बाईला त्याच संध्याकाळी ओळखीच्या नर्सिंग होममध्ये हलवलं. चुलत दीर म्हणाला की मंगळवार संपेपर्यंत हलवता येणार नाही, अजून माणसं बाकी आहेत. काशिनाथने आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्याला बाजूला सारलं आणि रिक्षा आणली.

दोन दिवसांनी शेवंता नीट जागी झाली. रिपोर्ट मुंबईहून आला तो माझ्या शंकेवर शिक्का मारणारा होता. मी काशिनाथला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"म्हंजे गाठीचा आजार हाय."

"हो."

"आनि आई?"

"थायरॉईडची टेस्ट होते," मी म्हटलं. "सासूबाईंची टेस्ट मुंबईतही होत नाही."

त्याने मान हलवली. गोळी बायकोसाठी आणि आईचं आईकडे, अशी त्याने मनाशी वाटणी करून टाकली असावी. मग तो चहा आणायला गेला आणि मी शेवंताबाईंना उपचार समजावायला बसलो. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक छोटी गोळी. त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. सुरुवातीला कमी डोस, मग वाढवत जायचं. आयुष्यभर.

बाईने एकच प्रश्न विचारला. "या गोलीनं आवाज जाईल?"

"जाईल. दोन-तीन महिन्यांत तुमचा स्वतःचा आवाज परत येईल."

"मंग नको."

मला वाटलं आजारामुळे नीट कळलं नसेल. मी परत सांगितलं. ती संथपणे, एकेक शब्द उचलून ठेवत बोलायला लागली. तिची मुलगी रेखा नुकतीच बारावी झाली होती. चांगुणाबाईंनी मरायच्या आधी तिचं लग्न उरणकडच्या आपल्या भावाच्या नातवाशी ठरवून काशिनाथकडून वचन घेतलं होतं. पोरगा दारू पितो हे सगळ्या गावाला ठाऊक. रेखाला अलिबागला नर्सिंगला जायचं होतं. शेवंता तेव्हापासून घरात नको म्हणत होती. मग आवाज बदलला, आणि एका मंगळवारी तिने त्या आवाजात सांगितलं की पोरीचा लगीन करायचा नाय, तिला शिकवा. दुसऱ्या दिवशी काशिनाथ फॉर्म आणायला गेला. प्रवेश जुलैत होते.

"तुम्ही सासूबाईंचं नाव सांगितलंत?"

"मी कदी सांगितला नाय. मी नुसती बोलली. पयले मीच घाबरली. मंग बघितला, ऐकतात. वीस वरसं माझे आवाजात बोलले, तर जेवान वाढ म्हनायचे."

मी सांगितलं की गोळी घेतली नाही तर पुढच्या वेळी डोळे उघडतीलच असं नाही. नुसतं सर्दी-पडसंही पुरेल.

"मेले तर माझा पन फोटो लागंल," ती म्हणाली. "आमचे घरी मेलेले बाईचाच ऐकतात."

हे ती विनोदाने म्हणत नव्हती. घोगऱ्या आवाजात, सुजलेल्या चेहऱ्याने, ती व्यवहार मांडत होती. जुलैपर्यंत जगायचं, पण बरं व्हायचं नाही. डॉक्टरीच्या पुस्तकात याला उत्तर नाही. मी म्हटलं, "फोटो लागेल. पण तुमच्या सासूबाईंना बोलायला तुम्ही मिळालात. तुम्हाला कोण मिळणार? रेखा? ती तर उरणला असेल."

त्या आजारात विचार करायलाही वेळ लागतो. मग तिने हात पुढे केला आणि मी तळहातावर पहिली गोळी ठेवली.

जाता जाता मी मंगळवारचं विचारलं. माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी तिने का केली? मी मंगळवारी घरी आलो होतो हेच तिला आठवत नव्हतं. माझं स्पष्टीकरण असं की दाराआड उभी राहणारी बाई सगळं ऐकत असते आणि गुंगीत आतलं काहीही वर येतं. हे स्पष्टीकरण मला पुरतं. निदान दिवसाउजेडी पुरतं.

पुढचे महिने मी धास्तीत होतो. औषध चढत होतं. जूनमध्ये पायांची सूज उतरली. नाडी सत्तरच्या घरात आली. हातोडी मारली की पाऊल शहाण्यासारखं लगेच परत यायला लागलं. प्रत्येक भेटीत मी आवाजाकडे कान लावत असे आणि प्रत्येक भेटीत गोणपाटाचा एकेक थर निघालेला असे. डॉक्टरला पेशंट बरा होताना वाईट वाटावं, असा प्रसंग माझ्यावर तेवढाच आला. उरणच्या मंडळींनी एव्हाना बैठकीसाठी निरोप पाठवला होता. प्रवेश अजून व्हायचे होते.

जुलैत दोघं आले. बाहेर पाऊस होता, काशिनाथ छत्री निथळत दारात उभा होता. शेवंताबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, गोल्या संपल्या."

स्वच्छ, किंचित किनरा, अडतीस वर्षांच्या बाईचा आवाज. खरखर नावालाही नाही. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी काशिनाथकडे बघितलं. आता त्याला कळणार, आणि उरणची बैठक होणार.

काशिनाथ टेबलावर वाकला आणि हळूच म्हणाला, "बघितलात, साहेब? सूज गेली, पन आई हाय अजून. तोच आवाज."

मी शेवंताबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर सारखा केला.

"या रविवारी रेखाला अलिबागला सोडाचा हाय," त्या त्याच किनऱ्या आवाजात नवऱ्याला म्हणाल्या. "उरनवाल्यांना नाय म्हनून सांगा."

"सांगतो, आई," काशिनाथ म्हणाला. स्वतःच्या बायकोला, माझ्या दवाखान्यात, भर दिवसा.

अंगावर खरा काटा आला तो या वेळी. मंगळवारच्या आवाजाचं कारण मला ठाऊक होतं, काशिनाथच्या कानांचं नव्हतं.

माझं काम होतं ते मी केलं. डोस तोच ठेवला आणि तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रेखा नर्स झाली. उरणच्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. शेवंताबाई पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे येत होत्या, तब्येत उत्तम, आणि काशिनाथ प्रत्येक वेळी दाराशी चपला काढून उभा.

थायरॉईडच्या पेशंटला मी तेव्हापासून एक गोष्ट बजावून सांगतो. सूज गेली, थकवा गेला, आवाज सुधारला म्हणून गोळी बंद करायची नाही. या आजारावर औषध आहे, ते स्वस्त आहे आणि त्याचा गुण येतो. फक्त ते घेणाऱ्यालाच लागू पडतं. ऐकणाऱ्यांसाठी अजून काही निघालेलं नाही.