गांगुर्डे बाईंचा लिनक्स मेळावा

गांगुर्डे बाई कुणाला कॉम्प्युटर शिकवायला उभ्या राहिल्या की आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. समोरचा कितीही चाचपडला तरी माउसला बोट लावत नसत. आमच्यापैकी कुणी मदतीला झुकलाच, तर शाळेतल्या आवाजात हुकूम सुटे, "हात मागे! चुकू दे की त्यांना. चूक त्यांची आहे, तू कशाला घेतोस?"

गंगापूर रोडवरच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. मूळच्या कळवणच्या. खुशीत आल्या की अहिराणीवर उतरत, "सोपं शे रे!" आम्ही चार-पाच इंजिनिअरिंगची पोरं लिनक्सवेडी होतो. लोकांच्या कॉम्प्युटरवर ही मोफत प्रणाली घालून द्यायचा मेळावा भरवायचा, असं आम्ही ठरवलं होतं. बाईंनी त्यासाठी शाळेचा हॉल मिळवून दिला. अडलं एकाच गोष्टीवर. लिनक्सचे प्रकार अनेक, त्यांतला नवख्यांना कोणता द्यायचा? मी डेबियनसाठी भांडत होतो, नितीन स्लॅकवेअरसाठी. आवाज चढत गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दोघं ते वापरणारच आहात. जो वापरणार आहे त्याला विचारलं का कुणी?"

रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. शेजारच्या रमाताई आल्या होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. आधी त्या माझ्या डेबियनसमोर बसल्या. थोड्या वेळाने पडद्यावर पार्टिशनचा प्रश्न आला.

"पार्टिशन म्हणजे काय रे? घरात भिंत घालायची का?"

"तसंच काहीसं. हार्ड डिस्कचे भाग करायचे."

"आणि मी हो म्हटलं तर?"

"आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं," मी म्हणालो.

रमाताईंनी हात झटकन मागे घेतला. "मग हे आधी सांगायचं ना! आम्ही सुई टोचायच्या आधी पेशंटला सांगायचो."

नितीनच्या स्लॅकवेअरचा काळा पडदा बघून त्या खुर्चीत बसल्याच नाहीत. मग बाईंनी उबुंटू या तिसऱ्या प्रकाराची सीडी घातली. त्यात काहीही इन्स्टॉल न करता, नुसत्या सीडीवरून सगळं चालू होई. तपकिरी पडदा उघडला. इकडे तिकडे दाबता दाबता रमाताईंना पत्त्यांचा डाव सापडला आणि चहा गार झाला तरी त्या उठेनात.

"पण बाई, कष्ट केल्याशिवाय लिनक्स कळत नाही," मी शेवटचा प्रयत्न केला.

"कष्ट करायला तिला जन्म पडलाय. पहिल्याच दिवशी घाबरली तर परत येईल का?"

मेळाव्याच्या दिवशी घोटीचे एक तांदळाचे व्यापारी जीपमधून आले. चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर त्यांनी मुलासारखा उचलून आणला. त्याचा दिवा लागे, पण पुढे काहीच उघडत नव्हतं.

"पोरीच्या लग्नाचे फोटो हायेत यात. दुसरीकडं कुठंच नाय. गेले का?"

"काही होत नाही" असा पोकळ धीर बाईंनी दिला नाही. "आधी आत काय आहे ते बघू. मग बाकीचं," एवढंच म्हणाल्या. उबुंटूची सीडी फिरू लागली, पडदा उजळला आणि हार्ड डिस्क उघडली. हळद लागलेली मुलगी पडद्यावर हसत होती. गृहस्थांनी तिथूनच बायकोला फोन लावला, "अगं, हायेत! समदे हायेत!" अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. नितीन तर शिट्टी मारून मोकळा झाला. फोटो वेगळ्या सीडीवर उतरवून घेतल्यावरच बाईंनी लिनक्स घालू दिलं.

निवृत्तीनंतर बाई कळवणला गेल्या. एकदा त्यांचा फोन आला, "मेळावा भरवतेय, ये." मी उबुंटूच्या सीड्यांनी पिशवी भरून एसटीने पोहोचलो. वाचनालयाची खोली माणसांनी गजबजली होती. माझी पिशवी पाहून बाई हसल्या.

"त्या राहू दे. इथं दुसरं लिनक्स निवडलंय, हलकं. मशिनं जुनी आहेत."

"पण आपण तर उबुंटू ठरवलं होतं!"

"ते रमाताईंना बसवून ठरवलं होतं. यांना कुठं बसवलं होतं?"

करण्यासारखं मला काहीच उरलं नव्हतं. मी कोपऱ्यात चहा घेत उभा होतो. एका अंगणवाडीताईंनी पडद्यावर मराठीत स्वतःचं नाव उमटवलं, खूश होऊन मागे वळून पाहिलं आणि मी त्यांना दिसलो.

"तुम्हाला येतं का हो हे? या, दाखवते."

बाईंनी दुरून आपले हात पाठीमागे बांधून मला डोळ्यांनी दटावलं. मी कप खाली ठेवला, ताईंच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "दाखवा."