महानंदाकाकूचा बैल

महेशचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी येऊन दारात चपला काढत होते. "गुड्डे, आई गेली गं," तो म्हणाला, आणि आवाज खाली करून त्यानं विचारलं, "त्या कॉम्प्युटरचं काय करू? बैल तसाच बसलाय." दुसऱ्या कुणाला हे ऐकू गेलं असतं तर त्याला वाटलं असतं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मी म्हणाले, "राहू दे. कुणाला हात लावू देऊ नको." फोन ठेवला आणि उंबऱ्यावरच बसून रडले.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नाही करत, बसवून निरोप देतात. मी नांदेडहून उदगीरला पोचले तोवर काकूला ओसरीत बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, डोक्यावर नीट घेतलेला पदर. भजनं चालली होती. शेजारची एक बाई मला कानात म्हणाली, "जल्मात कधी इतका येळ एका जागी बसली नसंल बघ." खरंच होतं ते. महानंदाकाकू म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. आडत्यांच्या घरात सून म्हणून आली, आणि त्या घरात माणसांचा नि भाकरीचा हिशेब कधी लागलाच नाही. बाजाराच्या दिवशी तर खेड्यांवरून माल घेऊन आलेले शेतकरीही पंगतीला असायचे. काकू सदा उभी. तरी मला त्या बाईला सांगावंसं वाटलं, की नाही हो, बसायची ती. दुपारी, सगळे पुरुष आडतीवर गेले की, टीव्हीसमोर, मांडी ठोकून, हातात रिमोट घेऊन. तशी बसलेली काकू रोज पाहिली ती फक्त महेशनं आणि मी.

त्याची सुरुवात एका मालिकेपासून झाली. मी आणि महेश तेव्हा चौथी-पाचवीत असू; आम्ही नांदेडला राहायचो, पण सुट्टी लागली की मी उदगीरलाच असायची. रविवारी सकाळी टीव्हीवर कुठल्या तरी परदेशातलं, हिंदीत बोलणारं कार्टून लागायचं. एका बैलाला बाजारात विकतात, तो दावं तोडून पळतो आणि घराकडं चालत सुटतो, एवढीच गोष्ट. दर रविवारी वाटेत नवं संकट. आमच्या गल्लीतल्या पोरांना ते रटाळ वाटायचं, कारण त्यात ना बंदूक होती ना मारामारी. पण काकू पीठ मळता मळता दारात येऊन उभी राहायची. तिचं माहेर देवणी. जिथल्या बैलांचं नाव चार जिल्ह्यांत घेतात त्या गावची लेक, तिला बैलाची गोष्ट सोडवणार कशी? "आमचा राजा असाच आलता," ती एकदा म्हणाली. "दादांनी, आमच्या वडलांनी, त्याला उदगीरच्या बाजारात इकला, अन् तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दारात हजर! कुनी वाट दाखवली आसंल त्याला?" महेशनं विचारलं, "मग?" काकूनं हातातलं पीठ झाडलं. "मग काय... इकल्याला बैल. नेऊन दिला परत."

आणि एका रविवारी ती मालिका लागलीच नाही. तिच्या जागी दुसरंच काहीतरी सुरू झालं. पुढच्या रविवारीही तेच. बैल तेव्हा एका डोंगरावर अडकला होता, तो तिथंच राहिला. गल्लीत कुणाला पत्ताही लागला नाही, पण काकू पुढं कितीतरी दिवस विचारायची, "पोचला का गं तो घरी? नांदेडला तरी लागतंय का?" जणू नांदेडला वेगळा टीव्ही होता.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी नांदेडच्या बाजारातून व्हिडिओ गेम आणला. सगळ्यांना हव्या असलेल्या कॅसेटी संपल्या होत्या म्हणून दुकानदारानं उरलेली एक गळ्यात मारली. तिच्या कागदावर झेरॉक्ससारखं काळं-पांढरं बैलाचं चित्र होतं. तोच आमचा बैल! मी यंत्रासकट ती कॅसेट घेऊन सुट्टीला उदगीरला गेले तर गल्लीतली पोरं नाकं मुरडू लागली. अदलाबदलीत ती कुणी घेईना. महेशनं तोंड वाकडं केलं. काकूनं मात्र यंत्राला आधी विभूती लावली, मग विचारलं, "ह्यात तो घरी जातो का?" मी म्हणाले, शेवटपर्यंत खेळलं तर जात असेल. "मंग शिकव मला."

काकू ज्या पद्धतीनं शिकली त्याला तोड नाही. कॅसेट चालली नाही की आम्ही ती तोंडानं फुंकायचो. काकूला ते पटेना. "थुका उडवून ऱ्हायले मशिनीत!" म्हणून ती चुलीजवळची लोखंडी फुंकणी घेऊन आली आणि लांबून, नेम धरून फुंकर मारायची. कॅसेट चालायचीसुद्धा. बैलाला पुढं न्यायचं असलं की बटनाबरोबर तोंडानंही "बा, बा" करायची, आणि खड्डा आला की ओरडायची, "निल्लु! निल्लु रे!" देवणीकडचं कानडी ते. गुराशी बोलायला तिला तेच जवळचं. आमचा टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळं बैल पांढरा दिसायचा आणि अंगावर काळे ठिपके. "शेवरा हाय," काकूनं निकाल दिला. देवणीतली ती एक जात. महेश म्हणाला, परदेशात कुठून देवणी बैल येईल? त्यावर काकू म्हणाली, "बाजारातून."

एका दुपारी अप्पा, म्हणजे आमचे आजोबा, चष्मा विसरला म्हणून अवेळी घरी आले. अप्पांचा धाक असा, की त्यांची काठी वाजली तरी घरातली भांडी गप्प व्हायची. काकू नेमकी अवघड जागी होती. उठली असती तर बैल मेला असता. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, गेमचा रिमोट पदराखाली घेतला, पण अंगठे चालूच! अप्पा मागं उभे राहिले. आम्ही दोघं भिंतीला चिकटलो. काठीनं पडद्याकडं दाखवत अप्पा म्हणाले, "बैल कुठला हाय?"

"देवणीचा, अप्पा," काकू पदरातून म्हणाली.

"ह्या शिंगाचा? ह्यॅ! देवणीचा न्हाई ते."

"कपाळ बघा की त्याचं. अन् कान."

अप्पांनी कोनाड्यातला चष्मा घेऊन लावला, पडद्याजवळ गेले, वाकले. "हाव... कपाळ हाय तसं," म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. काकूच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, पण बैल खड्ड्यापलीकडं पोचला होता! रात्री पंगतीत अप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सूनबाई, बैल कुठवर आला?" काकांचा हात तोंडापाशी तसाच राहिला. त्या दिवसापासून त्या घरात काकूच्या दुपारच्या बैठकीला राजमान्यता मिळाली. बैलाची खबर अप्पा रोज घ्यायचे, पावसाची घ्यावी तशी.

पण तिसऱ्या टप्प्याच्या पुढं बैल काही जाईना. तिथं वाटेत एक गोल दगड होता, त्याच्या एका बाजूला चर, आणि त्यातून पाण्याची धार. दगडावरून उडी मारली की लगेच मोठी दरी. कितीही जोरात उडी मारा, बैल दरीतच. आम्ही पोरांनी हात टेकले. महेश म्हणाला, कॅसेटच खराब आहे. काकू तोवर पहिले दोन टप्पेच खेळायची, पुढं आम्ही खेळताना नुसतंच बघायची. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा तो दगड नीट पाहिला, आणि महेशच्या हातातून रिमोट ओढून घेतला. "काय करून ऱ्हायलास रे? पिंड हाय ती! सोमसूत्र ओलांडतंय का कुनी?"

शंकराच्या देवळात प्रदक्षिणा अर्धीच घालतात, अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर येतं ती जागा ओलांडत नाहीत, तिथून मागं फिरतात, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण व्हिडिओ गेममध्ये? "काकू, उलटं जायचं नसतं यात," मी कळवळून सांगितलं. ती ऐकेल तर ना. तिनं पिंडीला हात जोडले, बैलाचं तोंड फिरवलं आणि आलेल्या वाटेनं त्याला परत चालवत निघाली. आम्ही कपाळावर हात मारून बसलो. बैल चालत चालत टप्प्याच्या अगदी सुरुवातीला आला, जिथं नुसती भिंत होती, आणि... भिंतीतून आत गेला! आत एक बोळ होता. बोळातून खाली उतरण, उतरणीवर गवताच्या पेंढ्या, आणि ती वाट निघाली थेट दरीच्या पलीकडं. आम्ही दोघं इतके ओरडलो की शेजारच्या बायका धावत आल्या, काय झालं, कुणाला विंचू चावला का? काकू शांत होती. "तरी म्हनलं," ती म्हणाली, "देव आडवा यील व्हय बैलाला?"

एवढं करूनही बैल घरी पोचला नाही. त्या यंत्रात खेळ जिथं थांबला तिथून पुढं सुरू करायची सोय नव्हती. लाईट गेली की बैल परत बाजारात. आणि उदगीरची लाईट तेव्हा पाहुण्यासारखी यायची, चहा घेऊन जायची. कधी शेवटच्या टप्प्यात लाईट जायची, कधी पुरुष जेवायला यायचे. सुट्टी संपली तेव्हा यंत्र मी काकूपाशीच ठेवलं; त्या वर्षी पोळ्याला तिनं मातीच्या बैलांबरोबर टीव्हीतल्या बैलालाही पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, असं महेशनं मला सांगितलं होतं. पुढं कधीतरी व्होल्टेज वाढून यंत्र जळालं. मग आमची शिक्षणं, लग्नं. अप्पा गेले, काका गेले. पण मी कधीही फोन केला की खुशाली झाल्यावर काकू म्हणायचीच, "आपल्या बैलाचं राह्यलं बघ, गुड्डे."

गेल्या दिवाळीनंतर तिचं दुखणं वाढलं. लातूरच्या डॉक्टरांनी महेशला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही, मी तो गेम शोधायला बसले. जुने गेम कॉम्प्युटरवर खेळता येतात हे मला माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवलं. या बैलाबद्दल जगात फार कुणी लिहिलेलं नव्हतं. ज्या दोन-चार लोकांनी लिहिलं होतं, त्यांनी तिसऱ्या टप्प्याला शिव्या घातल्या होत्या. पूर्ण करता येत नाही, फालतू गेम आहे. मी एकटीच हसले. त्या बिचाऱ्यांना मागं फिरा म्हणून सांगायला घरात काकू नव्हती.

उदगीरच्या बैठकीत महेशचा कॉम्प्युटर होता, त्यावर गेम लावला. काकूला उशा लावून खुर्चीत बसवलं. पडदा उजळला आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. बैल पिवळाधमक निघाला, वर लालभडक ठिपके! इतकी वर्षं आम्ही त्याला काळ्या-पांढऱ्यात पाहिलेलं. "हे कोन?" काकू म्हणाली. मग डोळे बारीक करून तिनं ओळखलं. "पोळा हाय वाटतं. रंगवून सोडलाय." महेश हसता हसता खाली बसला.

तिच्या बोटांत जोर नव्हता. ती बोलायची, मी बटनं दाबायची. बा, बा... निल्लु! तिसऱ्या टप्प्यात पिंडीपाशी आलो तेव्हा तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी बैलाला मागं वळवलं. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली, आणि परीक्षेत पहिली आल्यावरही झाला नव्हता एवढा आनंद मला झाला. संध्याकाळ होईतो आम्ही खेळलो. लाईट एकदा गेली, पण आता इन्व्हर्टर होता. आणि शेवटी ते घर आलं. एक दार, दारात गव्हाण, गव्हाणीत हिरवा चारा. बैल गव्हाणीपाशी गेला, पुढचे पाय दुमडले आणि खाली बसला. संगीत थांबलं. खाली कुठल्या तरी भाषेतली अक्षरं लुकलुकू लागली. काकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"आई, आता बटन दाबलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं," महेश म्हणाला.

"पहिल्यापासून म्हंजी?"

"म्हंजी परत बाजारात."

काकूनं माझं मनगट धरलं. "दाबू नको," ती म्हणाली. "बसू दे त्याला."

मग कुणी दाबलं नाही. महेशनं खेळ तसाच चालू ठेवला आणि पडदा रोज सकाळी लावून देऊ लागला. काकू बैठकीतल्या पलंगावर पडल्या पडल्या लसूण सोलायची आणि मधूनच मान वळवून बघायची, बसलाय ना. शेवटच्या सकाळीही तिनं पाहिलं होतं.

शिवगणाराधनेच्या, म्हणजे काकूच्या दिवसकार्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी बैठक आवरत होते, हातात फडकं होतं, ते सवयीनं कीबोर्डवर फिरवायला गेले. "ए गुड्डे, बटन!" महेश एवढ्या मोठ्यानं ओरडला की विधीला आलेल्या जंगमस्वामींचं बोलणं थांबलं. सगळे बघायला लागले. महेश ओशाळून म्हणाला, "काही न्हाई... बैल बसलाय." मला हसू फुटलं, मग त्याला, आणि मग कुणाला काही कळत नसताना अर्धी बैठक हसायला लागली. देवणीचे मामा, काकूचे थोरले भाऊ, उठून पडद्याजवळ आले. वाकून बराच वेळ बघत राहिले.

"पोळ्याचा रंगवलाय व्हय?" ते म्हणाले. "आमचा राजा असाच बसायचा, पुढले पाय घेऊन. इकला तरी परत आलता तो."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मग परत नेऊन दिला. काकूनं सांगितलं होतं."

"कुनी नेऊन दिला ते सांगितलं का?" मामांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "दुसऱ्या कुनाला दावंच धरू दीना तो. दादांनी लई वढला, हालला न्हाई. मंग महानंदानं दावं हातात घेतलं. एवढीशी व्हती... ती म्होरं अन् तो तिच्या मागं, गुमान गेला उदगीरपत्तूर."

महेश आईच्या रिकाम्या पलंगाकडं बघत होता. मामांनी खिशातून विभूतीची पुडी काढली, बोट बुडवलं आणि काचेवर, बैलाच्या कपाळावर, हलक्या हातानं ओढलं. दुसरा हात त्यांनी पाठीशी धरला होता, चुकून बटनाला लागू नये म्हणून.