साहेबांकडं पाठ

निजामाच्या राज्यातली गोष्ट. अंबडच्या शाळेत आम्ही नवे उमेदवार मास्तरकीसाठी नमुन्याचा धडा द्यायला आल्तो. तपासणी साहेब फळ्याजवळ खुर्चीत बसलेले. त्यांच्याकडं पाठ करणं म्हणजे बेअदबी, म्हणून जो तो पोरांकडं पाठ करून साहेबांनाच शिकवी.

दाराबाहेर रांगेत माझ्या पुढं घनसावंगीकडचा एक उंच गडी टोपी नीट करीत निवांत उभा होता.

"भेव वाटत न्हाई का?" मी विचारलं.

"कशाचं? शिकायचंय पोरान्ला. साहेब तर शिकूनच आलेत."

आत जाऊन त्यानं झुकून सलाम केला आणि बिलकुल न बिचकता पोरांकडं वळला. मला वाटलं, संपलं याचं. तोच साहेब उठले आणि पोरांच्या मागं सतरंजीवर जाऊन बसले.

माझी पाळी आली, तेव्हाही फळ्याजवळची खुर्ची रिकामीच होती.