आमच्या जीपला सगळं खोरं ओळखत होतं

कोळवणला जायचा बेत आखत असाल तर जरूर जा. रस्ता देखणा आहे, तांदूळ त्याहून देखणा. फक्त जुनी गाडी घेऊन निघणार असाल, तर ती आधी काय काम करत होती ते विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं. परत येऊन आठवडा झालाय आणि मी अजून पुरती सावरलेली नाही.

मी आणि माझा नवरा मंगेश, दोघंही परभणीकडचे, दोघंही हिंजवडीत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी पिरंगुटच्या एका भंगारवाल्याकडे आम्हाला ही फोर-व्हील जीप दिसली. मागची बॉडी लांबच लांब, टायर बसलेले, अंगावर हिरव्या ऑइलपेंटचे थर. "सिमेंटची पोती वाहायची," यापलीकडे त्यालाही काही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून आमचे सगळे शनिवार-रविवार तिच्यात गेले. भाड्याच्या रो-हाउसच्या अंगणात ग्राइंडर सुरू झाला की शेजारचे काका खिडकी दाणकन लावून घ्यायचे. गिअरबॉक्सचे भाग माझ्या कणकेच्या परातीत डिझेलमध्ये भिजत पडायचे. ती परात पुन्हा कणकेच्या कामाची राहिली नाही.

हिरवा रंग घासता घासता खालून सायीसारखा मूळ रंग निघाला, आणि खिडक्यांखालून गेलेला रुंद काळा पट्टा. आम्ही वेडेच झालो. दुसरा रंग द्यायचाच नाही, होता तस्साच करायचा, हे तिथल्या तिथे ठरलं. सीटखाली गोणपाटात गुंडाळलेली पितळी घंटा सापडली. ती अडकवायची कडी पुढच्या गार्डवर होतीच. चिंच लावून मी ती लख्ख केली आणि तिची दोरी खिडकीतून आत घेतली. मागे फरशीवर दोन लांब लोखंडी चॅनेल होते, चारी कोपऱ्यांत चार कड्या. मंगेशने त्या चॅनेलवर सरकता पलंग बसवला. मागचं दार उघडून ओढला की अख्खा बिछाना बाहेर. "आधीचा मालक आपल्यासारखाच भटक्या असणार," मंगेश खूश होऊन म्हणाला. पांढऱ्या रंगावरून आम्ही गाडीला नाव दिलं बगळा.

पहिल्या सहलीसाठी कोळवणच्या पुढच्या एका वाडीत सुमनमावशींकडे खोली घेतली. राहणं-जेवण माणशी हजाराच्या आत. फोनवर मावशी म्हणाल्या, "मालक पुन्याला दवाखान्यात हायेत, हार्टचं काम झालंय. पर तुमी या. मान्सं असली म्हंजी बरं वाटतं." मग आम्ही बेत बदलला नाही.

शनिवारी सकाळी माणवरून, घोटवड्यावरून पिरंगुटला आलो. तिथे नेहमीसारखी कंपन्यांच्या बसची आणि ट्रकची रेटारेटी. पण गंमत म्हणजे पिरंगुट सोडल्यावर लोक वाट द्यायला लागले. एक टेम्पोवाला तर चक्क बाजूला थांबला. पौडला मिसळ खायला उतरलो (तिखट सांभाळून मागा, डोळ्यांतून पाणी येतं), तेव्हा बाकावर टोपीवाले एक आजोबा बशीत चहा ओतून बसले होते. त्यांची नजर गाडीवरून हटेना.

"कुनाकडं निघाली?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोळवणच्या पुढे, वाडीत," मंगेश म्हणाला.

"अरारा. कवा?"

"सकाळीच."

आजोबांनी चहा तसाच ठेवला. "सावकाश न्या बाबांनो. रस्त्याला खड्डे हायेत."

किती काळजी करतात इथली माणसं, असं म्हणत आम्ही निघालो.

कोळवणच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना भात. कापणी चालू होती, हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता. खाचरात वाकलेला एक माणूस आमची गाडी दिसताच उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. हापशावरच्या दोघी बायांनी पदर सावरून हात जोडले. मंगेशची कॉलर ताठ. "बघ, जुन्या गाडीची कदर असावी तर अशी!" मी खिडकीतून हात हलवला. कुणीही उलट हात हलवला नाही. तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वाडीच्या वळणावर, पोचलो एकदाचे म्हणून, मी घंटेची दोरी तीनदा ओढली.

अंगणात शिरलो तर सुमनमावशी ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन उभ्या. आम्हाला बघून सूप हातातून पडलं. तांदूळ सगळीकडे उडाले. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आमच्याकडे न बघता सरळ गाडीच्या मागे गेल्या आणि दार ओढायला लागल्या.

"उघडा," म्हणाल्या. "दार उघडा."

मंगेशला वाटलं, मावशींना आतलं काम बघायचंय. त्याने ऐटीत दार उघडून पलंग बाहेर ओढला. फुलाफुलांची चादर, तिच्याखाली आमच्या गोधड्यांचं लांबट गाठोडं. मावशींनी चादर उचलली. गोधडी बाजूला केली. उशी बाजूला केली. खाली नुसती लाकडी फळी. मग त्या मटकन खाली बसल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुटं हायेत ह्ये? कुटं ठिवलंय त्यास्नी?"

मला काहीच कळेना.

तेवढ्यात त्यांचे धाकटे दीर रामभाऊ खाचरातून विळ्यासकट धावत आले. त्यांचाही चेहरा उतरलेला. पलंगावर कुणी नाही हे पाहून ते मंगेशवर उखडले, "कोन तुमी? ही गाडी कुटं घावली तुमाला?" मंगेशने चाचरत सांगितलं. रामभाऊंनी आधी दवाखान्यात फोन लावला. तिथे सोबतीला असलेला मावशींचा मुलगा उचलेना. पुन्हा लावला. या वेळी स्पीकर लावून फोन सगळ्यांच्या मधे धरला.

"हॅलो," पलीकडून खरखरीत आवाज आला. मुलगा चहाला गेला होता, फोन मावशींच्या मालकांनी, नानांनीच उचलला होता. "काय रं? भात झाला का काढून?"

मावशींनी फोन हिसकावून घेतला. "तुमी हायसा व्हय?" एवढंच म्हणाल्या, आणि मग रडल्या.

बाकीचं रामभाऊंनी सांगितलं. पूर्वी पावसाळ्यात या खोऱ्यातल्या वाड्यांपर्यंत कुठली गाडी यायची नाही. पुण्यात माणूस दगावलं की घरी आणायचे हाल. म्हणून गावांनी वर्गणी काढून ही जीप घेतली. पुढे रस्ते झाले, ॲम्ब्युलन्स आल्या आणि ही विकली गेली. चॅनेल स्ट्रेचरसाठी. कड्या दोर बांधायला. "आन् वळनाला तीन टोल दिलं की समजायचं, आपल्या वाडीतलं कुनीतरी आलं." ती घंटा मी वाजवली होती. नवरा दवाखान्यात असलेल्या बाईच्या दारात, हौसेने, तीनदा.

त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मंगेश पांढराफटक. या पलंगावर आम्ही अंगणात चार रात्री झोपून पाहिलं होतं, वर फोटोही टाकले होते. मी मावशींचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं. आम्ही दोघी सांडलेले तांदूळ वेचत राहिलो. जेवताना पानात गावरान कोंबडीचा रस्सा आणि नवा इंद्रायणी भात होता. त्याची चव मला सांगता येणार नाही. त्यांनी मात्र आग्रह करून वाढलं. "घंटा तेवढी काडून टाका," एवढंच म्हणाल्या.

रविवारी घंटेला टॉवेल गुंडाळून ताम्हिणीला जाऊन आलो. मुळशीचं धरण काठोकाठ निळं, घाटात गार वारा. काय बघितलं ते धड आठवत नाही. रस्त्यात टोप्या काढणारी माणसं तेवढी आठवतात.

संध्याकाळी परतलो तर फोनवर मावशींची आणि नानांची जुंपलेली. सोमवारी नानांना सोडणार होते आणि त्यांनी हट्ट धरला होता, आणायला हीच गाडी पाहिजे.

"त्या गाडीत पाय ठिवायचा न्हाई, सांगून ठिवते," मावशी.

"अगं, माझा बाप तिच्यातून झोपून आला. थोरला भाऊ झोपून आला. बसून येनारा मी पयला!"

"लाज वाटती का?"

"न्हाई," नाना म्हणाले.

मावशी फोन ठेवून आत निघून गेल्या. आम्ही सोमवारची रजा टाकली. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, धक्के बसू देऊ नका. मंगेशने स्प्रिंगचे नवे पाटे बसवलेत, तरी त्याने बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवली. नाना पुढच्या सीटवर, मांडीवर औषधांची पिशवी. त्यांचा मुलगा काही केल्या मागे बसेना, मोटरसायकलवरून आला. मी मागच्या पलंगावर, कडी घट्ट धरून.

पौडला तेच आजोबा बाकावर होते. गाडी बघून उठले, टोपी काढली, हात जोडले. नानांनी काच खाली केली. "उभं काय ऱ्हायलाय? च्या सांगा की!" आजोबांच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. मग त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि हसत हसत डोळे पुसले.

वळणावर नानांनी टॉवेल काढायला लावला आणि दोरी स्वतः ओढली. तीनदा.

मावशी ओट्यावर उभ्या होत्या. पुढच्या सीटवर नाना हात हलवत होते, ते त्यांना दिसत होतं. तरी त्या आधी मागेच आल्या. दार उघडलं. पलंगावर मी होते. त्यांनी मला बघितलं, माझ्या पलीकडे कोपऱ्यापर्यंत बघितलं, मग पुढे जाऊन नानांच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा आता," म्हणाल्या. "लई झाली शोभा." आणि त्यांचा हात धरला तो ओटा चढेपर्यंत सोडला नाही.

आता घरी आलोय. घंटा वाडीतच काढली. ती नानांनीच ठेवून घेतली. मंगेशने हिरव्या रंगाचे डबे आणलेत, ते अजून उघडलेले नाहीत, कारण आमचं काही ठरत नाही. एक सवय मात्र मला लागलीय. भाजी आणायला निघालो तरी मी बसण्याआधी मागे जाते, दार उघडते, आत कोपऱ्यापर्यंत बघते आणि लावून घेते.

"काय बघतेस?" मंगेश रोज विचारतो.

"काही नाही," मी म्हणते. "कुणी नाहीये. चल."