नटाची जन्मवेळ

एका ठरावीक ब्रिटिश नटाच्या बुटांचा नंबर माहीत नसलेला मराठी माणूस आता शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये शिल्लक नाही, आणि याचं सगळं श्रेय माझ्या मित्राच्या सासऱ्यांकडे जातं. निवृत्तीनंतर लेकीकडे राहायला आलेले हे काका मेथी निवडता निवडता त्याचं चरित्र सांगतात. नाटकशाळेनं त्याला दोनदा नापास केलं, पहिल्या चित्रपटात त्याची नुसती पाठ दिसते, आणि घोड्याला तो इतका घाबरतो की सगळ्या युद्धपटांत पायीच लढतो. मुलाखतीत तो उंची सहा फूट सांगतो. "बूट घालून!" असं म्हणताना काकांना घरातलं बिंग फोडल्याचा आनंद होतो. त्याच्या घटस्फोटाची बातमी आली त्या रविवारी काकांनी श्रीखंडाला हात लावला नाही. "आमच्या गड्याला माणसं ओळखता येत नाहीत," एवढंच म्हणाले.

पुढे त्याचे चित्रपट लागोपाठ पडायला लागले, तेव्हा काकांनी त्याची पत्रिका मांडायला घेतली आणि तिथेच घोडं अडलं. जन्मतारीख होती, गाव होतं, पण जन्मवेळ कुठेच नव्हती. वेळेशिवाय पत्रिका पक्की होईना, आणि त्याचे बरे दिवस कधी येणार या चिंतेनं काकांचं जेवण कमी झालं. अशात तो नाटक घेऊन शिकागोत आला. दुपारच्या प्रयोगानंतर प्रेक्षकांना प्रश्न विचारता येणार होते. "बाबा, प्लीज, तिथे काही विचारू नका हं! फार ऑकवर्ड होतं," लेकीनं बजावलं. "छे छे, मी कशाला?" काका इतक्या गरीब चेहऱ्यानं म्हणाले की तिनं लक्ष ठेवायला मला सोबत धाडलं.

पहिला हात अर्थातच काकांचा वर गेला. "सर, व्हॉट टाइम वेअर यू बॉर्न?" सगळं नाट्यगृह हसलं. तोही हसला, मग म्हणाला, "आईला माहीत होतं. मी कधी विचारलंच नाही, आणि आता ती नाही." काका हळूच खाली बसले.

परतताना गाडीत मला त्यांची फार दया आली. मग अचानक म्हणाले, "तुझी वेळ काय रे?"

"आईला विचारावी लागेल."

"मग लाव फोन."

"काका, तिकडे आत्ता पहाटेचे तीन वाजलेत!"

"वाजू देत. उठेल ती."

मी पेट्रोल पंपावर गाडी उभी केली. पहिल्याच रिंगला आईचा घाबरा आवाज आला, "काय झालं रे? बरा आहेस ना?" मी जन्मवेळ विचारली. तिनं ती तत्काळ सांगितली, आणि मग कुणी न विचारता बाकीचंही: दिवे गेले होते, मी बराच वेळ रडलोच नव्हतो, आणि रडलो तेव्हा बाबा बाहेर व्हरांड्यात मटकन खाली बसले होते. यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. काकांनी फोनचा आवाज वाढवायची खूण केली आणि आई बोलत राहिली.