बिनधुराचं इंजिन

नांदगाव खंडेश्वरात बंडी करून घ्यायची, म्हणजे बैलगाडी, तर लोक जानराव सुताराकडे जात. त्याच्या हातचं चाक मोडलं असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्याच तोंडाकडे पाहायचा. धाकटा भाऊ शेषराव मात्र लाकडात रमला नाही. त्याला लोखंडाचं वेड. आई-बाप लवकर गेले, जानरावानं आणि त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि लाडावूनही ठेवलं.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात हा पठ्ठ्या अमरावतीच्या भंगारवाल्याकडून एक छोटं पेट्रोलचं इंजिन घेऊन आला. उघडून, घासूनपुसून त्यानं ते चालू केलं, पट्टा चढवला, आणि जानरावाच्या छपरीत करवत आपोआप फिरायला लागली. इंजिन चालू करायचं म्हणजे चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा. दुसऱ्या कुणी दिला की ते नुसतं फुरफुरायचं. शेषरावानं दिला की एका दमात सुरू. गावानं त्याला ‘मिस्त्री’ म्हणायला सुरुवात केली, आणि गडी हवेत गेला.

छपरी ठेंगणी, त्यात पेट्रोलचा धूर. जानरावाला खोकल्यानं धरलं. संध्याकाळी जेवायला बसला तरी त्याची उबळ थांबत नसे. तोवर गावात विजेचे खांब आले होते. जानराव सोयऱ्याकडे अकोल्याला गेला, तिथल्या लाकडाच्या वखारीत त्यानं विजेच्या मोटरीवरची करवत पाहिली, आणि जत्रेतून आलेल्या लेकरासारखा घरी आला.

"बटन दाबलं का फिरते, शेषराव! ना धूर, ना घाण. आपुनबी मोटर आनू."

"बटन दाबायले मिस्त्री कायले पायजे, दादा?" शेषराव म्हणाला.

तो हसत म्हणाला, म्हणून सगळे हसले. पण पोटात त्याच्या भीती होती. बटन तर कुणीही दाबेल. मग आपण कोण? वर्षभरात इंजिनाचा धूर बंद करून दाखवतो, तोवर मोटरीचं नाव काढायचं नाही, असं त्यानं भावाकडून कबूल करून घेतलं. त्याच्या हट्टापुढे जानरावाचं कधी चाललं होतं?

खटपट पुष्कळ केली. तेल कमी कर, पेट्रोल फडक्यातून गाळ, नळी लांबव. धूर काही हटेना. मग एक दिवस त्याची नजर अंगणातल्या पेवावर गेली. ज्वारी साठवायचं जमिनीतलं ते खोल कोठार, अरुंद तोंडाचं, पोटात फुगीर. बरीच वर्षं रिकामं पडलेलं. शेषरावानं इंजिनाची नळी जमिनीखालून नेऊन पेवात सोडली, तोंडावर फरशी ठेवली आणि हवा निघायला कडेला एक फट ठेवली. इंजिन सुरू केलं. छपरीत धुराचं नाव नाही! आवाजसुद्धा निम्म्यानं कमी झाला.

लोक बघायला आले. आम्ही वऱ्हाडातली माणसं एखाद्याला डोक्यावर घेतलं की खाली उतरवायचं विसरतो. ‘बिनधुराचं इंजिन’ पाहायला बडनेऱ्यापासून माणसं आली. जानरावाचा खोकला उतरला. तो भेटेल त्याला सांगायचा, "माह्या भावानं माह्यासाठी केलं." खरंच तसं होतं का, हा प्रश्न शेषरावानं स्वतःला तेव्हा विचारला नाही. पुढे जन्मभर विचारत राहिला.

वर्ष सरलं. त्या साली ज्वारी भरघोस झाली आणि दुर्गाबाईला पेव हवं झालं. मानपान मिळाल्यानं शेषरावाचंही मन मोठं झालं होतं. "आन दादा तुही मोटर," म्हणून तो आपणहून बोलला. अकोल्याहून मोटर आली, बसवूनही झाली. त्या दिवशी सकाळी शेषरावानं इंजिन शेवटचं म्हणून चालवलं, आणि माया म्हणून जरा जास्तच चालवलं.

दुपारी पेवाची फरशी काढली. उघडल्या पेवात एकदम उतरायचं नसतं, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. आधी कंदील सोडायचा. विझला तर आत हवा वाईट, जळाला तर खुशाल उतरा. बापजाद्यांपासूनची रीत. कंदील तळापर्यंत गेला आणि नीट जळत राहिला.

"दोर बांध दादा कमरेले," शेषराव म्हणाला.

"दिवा जळून राहिला ना बाप्पा, दोर कायले?" म्हणत जानराव नळी काढायला शिडीनं उतरलासुद्धा.

शेषराव पाठ फिरवून इंजिन पुसत बसला. विकायचं तर चकाकलं पाहिजे. आतून ठोकल्याचा आवाज येत होता तो थांबला, तेव्हा त्याला वाटलं, नळी निघाली असेल. हाक मारली ती इंजिन पुसून झाल्यावर. उत्तर आलं नाही. ओरडून शेजाऱ्यांना बोलावलं, कमरेला बांधलेल्या दोराचं टोक त्यांच्या हाती देऊन तो खाली उतरला, दादाला मिठी मारली आणि तिथेच त्याची शुद्ध गेली. शेजाऱ्यांनी दोघांना ओढून काढलं. शेषराव शुद्धीवर आला. जानराव आला नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, दिसत नाही, वास नाही. तो माणसाला मारतो, कंदिलाला त्याचा पत्ताही लागत नाही. शेषरावानं दिसणारा धूर तेवढा लपवला होता.

पेव मातीनं भरून टाकलं. इंजिन त्यानं विकलं नाही आणि चालूही केलं नाही. मोटरीचं बटन रोज सकाळी दुर्गाबाई दाबायची, मग शेषराव करवतीवर उभा राहायचा. बटनाला त्यानं कधी हात लावला नाही. दुर्गाबाईनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटे.

पुढे सहासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला वीज न पोचलेल्या मळ्यांत पाण्याची इंजिनं आली. पाणी खोल, म्हणून लोक इंजिन विहिरीतच कपारीवर ठेवत. ऐकलं की शेषराव सायकल काढून जायचा, नको नको म्हणायचा. लोक म्हणायचे, मिस्त्रीचं डोकं फिरलं.

एकदा अंजनगाव सुर्जीकडच्या मळ्यात महादेवराव नावाचा शेतकरी बंद पडलेलं इंजिन पाहायला विहिरीत उतरणार होता. शेषरावानं त्याचा हात धरला. महादेवरावानं हसून दोरीनं विहिरीत सोडलेला कंदील दाखवला.

"दिवा जळून राहिला ना मिस्त्री. मंग भेव कायचं?"

शेषराव खाली त्या ज्योतीकडे पाहत राहिला. हात त्यानं सोडला नाही.

"माह्या दादाच्या वक्ती बी जळून राहिला होता," तो म्हणाला.