पट्टीवाल्या मावशींचा सूड

मोफत दवाखान्यात पट्ट्या बांधणाऱ्या मावशींनी एक चेहरा डोक्यात जपून ठेवला होता. मोठ्या इस्पितळाच्या खिडकीतल्या त्या कारकुनाने, पायाची जखम चिघळलेल्या त्यांच्या नवऱ्याला "विमा नाही ना, मग व्हा बाजूला" म्हणून वाटेला लावलं होतं. आधी पाय गेला, मग माणूस गेला.

तोच चेहरा एका सकाळी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला. त्याची नोकरी गेली होती, तिच्याबरोबर विमाही गेला होता, आणि साखरेच्या आजाराने त्याचा पाय पोखरला होता.

मावशी जखम धुवायला बसल्या. हात जड पडत होता, पण त्यांनी तो हलका केला नाही. धुताधुता त्यांनी नवऱ्याची सगळी हकिगत सांगितली. कारकून पांढराफटक पडला.

"पट्टी दुसरं कोणी बांधेल का?" त्याने हळूच विचारलं.

"इथे मीच असते. रोज यायचं आणि रोज माझं तोंड बघायचं."

"पाय वाचेल ना, मावशी?"

"वाचवणारच मी," मावशींनी गाठ करकचून आवळली. "मरेपर्यंत त्याच्यावर चाला, आणि पाऊल टाकताना दरवेळी आठवा, हा पाय कोणाच्या विधवेने राखलाय ते."